काळविटाचा डोळा

हेमांगी सरवदेने कॅमेरा टेबलावर इतक्या जोरात आपटला की काचेच्या भिंतीपलीकडे काम करणाऱ्या दोघातिघांनी माना वर केल्या.

"हा डोळा खोटा आहे," ती म्हणाली. "तुमचं यंत्र माझ्या तोंडावर खोटं बोलतंय."

नेत्रांजन कंपनीची प्रयोगशाळा पुण्याबाहेर एका टेकडीच्या उतारावर होती. देशातल्या बहुतेक कॅमेऱ्यांची, फोनांची आणि दुर्बिणींची दृष्टी इथे घडत असे. समोर बसलेला सुव्रत डोईफोडे तिथला मुख्य दृक्-अभियंता. पस्तिशीचा, हळू बोलणारा माणूस. त्याने कॅमेरा उचलून पडद्यावरचं चित्र मोठं केलं. वाळल्या गवताचं माळरान आणि मान वळवून पाहणारा काळवीट नर. पीळदार शिंगं, काळीभोर पाठ, डोळ्याभोवती स्वच्छ पांढरं कडं.

"चांगला आलाय की, मॅडम."

"चांगला येणारच! पण त्या जनावराच्या डोळ्यांभोवती बोटभर जाड खपल्या होत्या. पापण्या चिकटल्या होत्या. पू गळत होता. मी चार हातांवर उभी होते, तरी ते पळालं नाही. काळवीट माणसाला चार हातांवर येऊ देतो का?"

हेमांगी बावीस वर्षं रानोमाळ हिंडून फोटो काढत आली होती. वर्षातले आठ महिने ती घरी नसे. कच्छचं रण, सातपुड्यातली कुरणं, चिलिका सरोवरातली बेटं, जिथे जिथे जनावर आणि उघडी जमीन होती तिथे ती कधी ना कधी पालथी पडून राहिली होती. दहा दिवसांपूर्वी ती सोलापूरकडच्या वडजाईच्या माळावर होती. तिथे मेंढरं चारणारे बिरा आबा कोकरे तिच्या जुन्या ओळखीचे. त्यांनीच तिला हात धरून ओढ्याकाठी नेलं.

"बाई, ह्यो नर बघा. तीन दिस झालं हितंच गरगर फिरतोय," आबा म्हणाले होते. "आन् ह्यो एकटाच न्हाई. कळपात चार-पाच हाईत असली. फोटू काढा आन् साहेबाला दावा."

तिने फोटो काढले. साठ-सत्तर. मग सावलीत बसून पडद्यावर पाहिले. एकाही फोटोत खपली नव्हती.

तरी ती डॉक्टर नझीर मुलाणींकडे गेली. मुलाणी त्या भागाचे वन्यजीव पशुवैद्यक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पसरले.

"मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण रक्ताचा नमुना घ्यायला परवानगी लागते. परवानगीच्या अर्जाला आजाराचं प्रमाणित छायाचित्र जोडावं लागतं. तुमच्या प्रमाणित छायाचित्रात जनावर ठणठणीत आहे."

"मग जुन्या, मोठ्या काचेच्या कॅमेऱ्याने काढू?"

"नेत्रांजनच्या यंत्राबाहेरचा फोटो प्रमाणित धरत नाहीत. बनावट फोटोंचा सुळसुळाट झाल्यापासून कायदाच तसा आहे. उलट अफवा पसरवली म्हणून तुमच्यावरच गुन्हा नोंदवतील."

"डॉक्टर, तुम्ही चला. तुमच्या डोळ्यांनी बघा."

ते आले, त्यांनी पाहिलं. त्यांनीही फोटो काढला आणि त्यातही काळवीट ठणठणीत निघाला.  त्याच संध्याकाळी हेमांगीने पुण्याचा रस्ता धरला होता.

सुव्रतने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून एक कॅमेरा काढून त्याचं भिंग तिला दाखवलं. ते मसुराच्या दाण्याएवढं होतं.

"एवढ्याशा भोकातून किती उजेड आत जाणार?" तो म्हणाला. "दूरच्या जनावराचा फोटो घेता, तेव्हा शंभर ठिपक्यांतले चार खरोखर मोजलेले असतात. बाकीचे शहाण्णव आमची पूर्तिदृष्टी भरते."

"कुठून भरते?"

"आमच्याकडे प्रत्येक प्राण्याचं एक आदर्शरूप साठवलेलं आहे. लाखो जुन्या फोटोंवरून बनवलेलं. मोजलेल्या चार ठिपक्यांवरून यंत्र ओळखतं की हा काळवीट, मान अशी वळलेली, ऊन या बाजूने. मग आदर्शरूपातला काळवीट त्या जागी, त्या उन्हात बसवतं."

"म्हणजे मी फोटो काढतच नाही. मी फक्त सांगते की इथे काळवीट उभा आहे."

सुव्रतने मान खाली घातली. "तसंच म्हणावं लागेल."

"पण मी चार हातांवर होते! तिथे तरी तुमचे ठिपके पुरेसे मोजले गेले असतील?"

"मोजले गेले. पण आदर्शरूपाशी न जुळणारा ठिपका यंत्र डाग समजतं. धूळ, पाण्याचा थेंब, भिंगावरचा ओरखडा. ते पुसून टाकतं. लोकांना तेच हवं असतं, मॅडम. स्वच्छ फोटो."

हेमांगी उभी राहिली.  "एक रोगी जनावर तुमच्या यंत्राला डाग वाटतं. आणि देशभर वनखातं, डॉक्टर, पर्यटक, सगळे त्याच यंत्रातून बघतायत. एखादी अख्खी जात सडून मेली तरी शेवटच्या जनावराचा फोटोसुद्धा देखणा येईल. कळतंय तुम्हाला?"

"कळतंय."

"नाही कळत. गाडीत बसा."

तो खरंच बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडजाईच्या माळावर त्याच्यापासून दहा पावलांवर एक मादी चालत आली आणि बाभळीच्या काटेरी फांदीत तोंड घालून अडकली. तिला फांदी दिसलीच नव्हती. सुव्रतने आधी फोनमधून पाहिलं. फोनमध्ये स्वच्छ, टपोरे डोळे होते. त्याने फोन खाली केला, पुन्हा वर केला, पुन्हा खाली केला. मग तो गवतात मटकन बसला.

"सात वर्षं मी हे बनवतोय," तो म्हणाला.

बिरा आबांनी मादीची मान हलकेच फांदीतून सोडवली. "बसून काय हुतंय?" ते म्हणाले. "तुमचंच यंत्र हाय न्हवं? मंग दुरुस्त करा की."

दुरुस्ती तशी सोपी होती. आदर्शरूपात आजार घालायचा. पण आजाराचे फोटो जगात कुठेच नव्हते, कारण नेत्रांजनच्या कोणत्याही कॅमेऱ्याने तो टिपलाच नव्हता, आणि जुन्या काचेच्या कॅमेऱ्यांचे अप्रमाणित फोटो यंत्र घेत नव्हतं. मग एकच मार्ग उरला. ज्यांनी पाहिलं त्यांनी काढून दाखवायचं. हेमांगी तीन दिवस प्रयोगशाळेत बसली आणि रेखणीने पडद्यावर खपल्या काढत राहिली. खालच्या पापणीपासून सुरू होणारी, नाकाकडे उतरणारी, कडेने पिवळट. मुलाणींनी दूरध्वनीवरून तपशील दिले. चौथ्या दिवशी नवं आदर्शरूप देशभरातल्या सगळ्या यंत्रांत पोचलं.

आणि वडजाईच्या कळपाचे फोटो बदलले. पहिल्यांदाच खपल्या दिसल्या. मुलाणींना चोवीस तासांत परवानगी मिळाली. नमुने गेले, रोगाचं कारण सापडलं. माश्यांमुळे पसरणारा, गुरांनाही होऊ शकणारा संसर्ग होता तो. खपलीरोग असं त्याला नाव पडलं. पाणवठ्यांवर औषध सुरू झालं. फोटोत माळावरची सगळीच जनावरं आजारी दिसत होती, तेव्हा सगळ्यांनाच औषध द्यायचं ठरलं. कुणाचं त्यात नुकसान नव्हतं. वर्तमानपत्रांनी हेमांगीचं कौतुक केलं. हे सगळं वेळेवर झालं याचा तिलाही आनंद झाला. दुसऱ्या आठवड्यात ती सारसांचे फोटो काढायला पूर्वेकडे निघून गेली.

औषध सुरू झाल्याच्या अकराव्या दिवशी तिला मुलाणींचा फोन आला. त्यांचा आवाज ओढलेला होता.

"मॅडम, औषध लागू पडत नाहीये. वडजाईचे कालचे फोटो पाहिले. एकही जनावर बरं झालेलं नाही."

"आणि तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंत?"

"मी तिथे नाही. मला सोनखांबला बोलावून घेतलंय."

सोनखांब अभयारण्य वडजाईपासून साडेचारशे किलोमीटरवर, विदर्भाच्या बाजूला. तिथे दोनशे दहा काळवीट होते.

"सोनखांबला कशाला?"

"इथेही आलाय रोग. पर्यटकांचे फोटो बघा. दोनशे दहाच्या दोनशे दहा आजारी. आजूबाजूला बारा गावांची गुरं आहेत, लोक अभयारण्याच्या दारावर धरणं धरून बसलेत. औषध चालत नाही, तर दुसरा इलाज नाही असं इथले उपसंचालक पळणिटकर म्हणतात. उद्या सकाळपासून निर्मूलन."

"निर्मूलन म्हणजे?"

"बंदुका, मॅडम."

तिने फोन ठेवला आणि सोनखांबचे फोटो उघडले. एक पाहिला, दुसरा पाहिला, विसावा पाहिला. खपली खालच्या पापणीपासून सुरू होत होती. नाकाकडे उतरत होती. कडेने पिवळट होती. नर, मादी, पाडस, सगळ्यांना तीच, तितकीच, त्याच जागी. कोणत्याही खऱ्या रोगाने दोनशे दहा तोंडांवर एकच रेघ ओढली नसती. ती रेघ तिच्या हातची होती.

तिने सुव्रतला फोन लावला. 

"तुझ्या यंत्राला आजारी कोण आणि निरोगी कोण हे कळतच नाही का?"



"दूरवरून डोळा एका ठिपक्यापेक्षा लहान असतो, ताई. त्यात कळण्यासारखं काही नसतंच. यंत्र आदर्शरूप बसवतं. आधी निरोगी बसवत होतं. आता..."

"आता माझं बसवतं."

"हो."

"जवळून काढला तर?"

"तर स्वच्छ डोळ्याला ते डाग समजून पुसेल आणि खपली काढेल."

"हे तुला त्या दिवशी कळलं नाही? मला खपल्या काढायला बसवलंस तेव्हा?"

"नाही कळलं. आपण सगळे वडजाईकडेच बघत होतो. खपली दिसली, काम झालं असं वाटलं. मी आत्ता वरिष्ठांशी बोलतो, बंद करायला सांगतो, पण त्यांना एक दिवस..."

"एक दिवस नाहीये!" ती ओरडली.

ती निघाली. पळणिटकरांचा फोन सतत बंद होता. वाटेत तिने मुलाणींना चार वेळा सांगितलं, त्यांनी वरपर्यंत निरोप नेला आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं: प्रमाणित छायाचित्रं जोडलेली आहेत. ती सोनखांबच्या दारात पोचली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. दुरून फटाक्यांसारखा आवाज येत होता. धरण्यावर बसलेले लोक उठून टाचा उंच करून आत पाहत होते. सगळ्यांच्या हातात फोन होते.

उपसंचालक पळणिटकर एका उंचवट्यावर दुर्बीण लावून उभे होते. नीटनेटके, इस्त्रीचा गणवेश, चेहऱ्यावर खरोखरचं दुःख. हेमांगी धापा टाकत त्यांच्यापुढे उभी राहिली.

"थांबवा. ही जनावरं निरोगी आहेत."

त्यांनी दुर्बीण तिच्या हातात दिली. "बघा तुम्हीच. मला काय हौस आहे का?"

"ही दुर्बीणसुद्धा तेच यंत्र आहे! ती बाजूला ठेवा. नुसतं बघा."

"नुसतं बघून दोनशे मीटरवरून डोळा कसा दिसणार?"

"नाही दिसणार. पण पळताना तर दिसतायत ना? आंधळी जनावरं अशी पळतील? वडजाईत ती माझ्या अंगावर चालत आली होती. इथे बंदूकवाला खाली वाकला तरी कळप उड्या मारत निघून जातोय. तुमच्याच लोकांना विचारा, नेम धरायला किती वेळ लागतोय!"

पळणिटकर म्हणाले, "सुरुवातीची अवस्था असेल."

"दोनशे दहांची? एकाच दिवशी?"

"बाई, खपल्या तुम्हीच शोधल्यात. सगळ्या देशाला तुम्हीच सांगितलंत. आता तुम्हीच म्हणता नाहीत. मी कुणाचं ऐकू? तुमचं की फोटोचं?"

 ती वळली आणि उतारावरून खाली धावत सुटली. मागून कुणीतरी ओरडलं, शिट्ट्या वाजल्या, गोळीबार थांबला. माणूस मध्ये आल्यावर थांबणं भागच होतं. गवतात पहिला काळवीट पडला होता तिथे ती गुडघ्यांवर बसली. त्याचा डोळा उघडा होता. भोवतीचं पांढरं कडं नुकतं रंगवल्यासारखं स्वच्छ होतं.

मुलाणी तिच्या मागोमाग आले. त्यांच्या मागे पळणिटकर आणि बंदूकधारी. सगळे गोल करून उभे राहिले. आणि सवयीने, कुणी न सांगता, सात-आठ हात फोन घेऊन पुढे आले. हेमांगीने खालूनच वर पाहिलं. प्रत्येक पडद्यावर खपली होती. खालच्या पापणीपासून सुरू होणारी, पिवळट कडेची.

आणि फोनांच्या मधल्या जागेत, गवतावर, तो स्वच्छ डोळा होता.

लोक पडद्याकडे पाहत, मग खाली, मग पुन्हा पडद्याकडे.  शेवटी पळणिटकरांनी घसा खाकरला.

"पडताना खपली गळून गेली असेल," ते म्हणाले.

हेमांगीच्या तोंडून हुंकारासारखा एक आवाज निघाला. ती त्यांच्या अंगावर धावून गेली असती, पण तेवढ्यात मुलाणी पुढे झाले. त्यांनी फोन पालथा करून जमिनीवर ठेवला. हातमोजा काढला. उघड्या तळव्याने त्यांनी काळविटाच्या डोळ्याभोवतीची कातडी चाचपली, पापणी वर केली, खाली केली. मग ते दुसऱ्या जनावराकडे गेले. मग तिसऱ्याकडे. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"साहेब, इकडे या. हात लावा."

"मुलाणी, अहवालाला..."

"हात लावा म्हणतो ना!"

एवढ्या वर्षांत मुलाणींना कुणी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. पळणिटकर खाली बसले. त्यांनी हात लावला. बराच वेळ ते हात काढेनात. उठताना त्यांनी बंदूकधाऱ्यांना मानेनेच परत जायला सांगितलं.

सदतीस काळवीट मेले होते. हेमांगीने ते सगळे स्वतः मोजले, एकेकाजवळ जाऊन. एकाचाही डोळा आजारी नव्हता.

दुपारी सुव्रतचा फोन आला. तो उत्साहात होता, किंवा तसा आव आणत होता.

"ताई, वरिष्ठ तयार झाले. निरोगी डोळा परत टाकतो. दोन तासांत सगळं पहिल्यासारखं."

ती अभयारण्याच्या कुंपणाशी बसली होती. पायांवर गवताची कुसळं, बाहीला रक्त.

"आणि वडजाईत?" तिने विचारलं.

"काय वडजाईत?"

"तिथे औषधाने काही बरी झाली असतील, काही अजून आजारी आहेत. शेजारच्या माळांवर रोग सरकत असेल. निरोगी डोळा टाकलास की ते कसे दिसतील?"

 

"निरोगी," तो म्हणाला.

"म्हणजे आधी आजारी मरत होते आणि कुणाला दिसत नव्हतं. मग निरोगी मारले. आता पुन्हा आजारी मरणार."

"यंत्राला एका जातीचा एकच डोळा देता येतो, ताई. त्याची रचनाच तशी आहे. कोणता ठेवू ते सांगा."

 कुंपणापलीकडे लोक अजून उभे होते. पांगलेला कळप माळाच्या टोकाला पुन्हा गोळा होत होता आणि लोक त्याचे फोटो काढत होते.

"एकही ठेवू नकोस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"काळविटाचं आदर्शरूप काढून टाक. सगळंच. जे चार ठिपके मोजलेस तेवढे दाखव. बाकी काही रंगवू नकोस."

"राखाडी धब्बा दिसेल नुसता. ग्राहक आम्हाला फाडून खातील."

"खाऊ देत. तुला माहीत नाही ना तिथे काय आहे? मग माहीत नाही असं दाखव."

सुव्रतने ते केलं. कुणालाही न विचारता, त्याच संध्याकाळी. पंधरा दिवसांत त्याची नोकरी गेली. पण कंपनीच्या वकिलांना दोन्हींपैकी कोणताही डोळा परत ठेवायचं धाडस झालं नाही, कारण जो ठेवावा तो कुठल्या ना कुठल्या माळावर खोटा पुरावा ठरणार होता. धब्बा राहिला.

तक्रारींचा पूर आला. गाड्या भरभरून येणारे पर्यटक माळावर उभे राहून फोन झटकत, भिंगं पुसत, मार्गदर्शकांशी भांडत. त्यांच्या फोटोत आभाळ झकास येई, गवताचं पातं न् पातं येई आणि मधोमध, जनावराच्या जागी, ओल्या बोटाने पुसल्यासारखा राखाडी डाग. हेमांगीलाही लोक वाटेत अडवत. बावीस वर्षांत तिने इतक्या शिव्या खाल्ल्या नव्हत्या. ती उलट बोलायला कमी करत नव्हती.

महिन्याभराने तिला पळणिटकरांचा फोन आला. त्यांच्या हद्दीत पूर्वेला आणखी एक माळ होता, आणि तिथल्या कळपात रोग आहे की नाही याचा अहवाल वर पाठवायचा होता.

"सगळ्या फोटोंत धब्बेच येतायत," ते त्रासून म्हणाले. "मला सांगा, मी आता कळपाकडे बघू तरी कसा?"

"चालत जा," हेमांगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.